उंदीर म्हातारे होईपर्यंत

आंजर्ले, ता. दापोली
नारळी पौर्णिमेनंतरचा मंगळवार

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून लाज वाटते. तुझी दोन पत्रे समोर आहेत आणि दुसऱ्यात तू फक्त "नान्या, आहेस ना?" एवढेच विचारले आहेस. आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पावसाळ्यात गुडघा दुखतो, बाकी ठीक. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. शनिवारी घरात एक गोष्ट घडली आणि ती मी हिलाही नीट सांगू शकलो नाही, कारण तिचा अर्धा भाग १९८६ सालचा आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

चिमी आली. गणपतीला अजून अवकाश असताना, कुणाला न कळवता, रात्रीच्या गाडीने खेडला उतरून सकाळच्या एसटीने आली. ओटीवर भिजलेली पिशवी ठेवली, तिच्यातून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले हाताची पकड मोजण्याचे यंत्र काढले, ते कोरड्या फडक्याने पुसले आणि मग स्वतःचे डोके पुसायला घेतले. चहा झाल्यावर म्हणाली, "काका, पुण्यात एका औषध कंपनीत नोकरी मिळते आहे. एक तारखेपासून बोलावले आहे. काय करू?"

पुढचे तुझ्या लक्षात आले असेल. दादरच्या चाळीच्या गॅलरीत, बँकेचे नेमणूकपत्र हातात धरून, तू मला नेमका हाच प्रश्न विचारला होतास. "महिन्याच्या एक तारखेला पगार होतो तीच खरी नोकरी," असे मी तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो होतो. शनिवारी तेच वाक्य ओठांवर आले आणि मला ते उच्चारता आले नाही. मी उठून वाडीत गेलो आणि पडलेल्या झावळ्या उगाच ओढत बसलो.

चिमी म्हातारपणावर संशोधन करते, पण नेमके काय करते, ते तुला मी कधी सविस्तर लिहिले नव्हते. आपल्या तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या काही गावांत पासष्टीपुढच्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांचे वजन, हाताची पकड आणि चार मीटर चालायला लागणारा वेळ मोजते. वजन आपोआप घटणे, पकड सैल होणे, चाल मंदावणे, सतत थकवा आणि कमी झालेली हालचाल ही पाच लक्षणे २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र मांडली, आणि त्यांतली तीन दिसली की त्या माणसाला गलितगात्र धरावे, असे ठरवले. पुढे २०१९ साली आशियाई तज्ज्ञांच्या एका गटाने पुरुषाची पकड २८ किलोच्या आणि बाईची १८ किलोच्या खाली गेली तर ती कमी समजावी, असे सुचवले. चिमीचा प्रश्न तिथून सुरू होतो. जन्मभर डोक्यावरून मासळीच्या पाट्या आणि जांभ्याचे चिरे वाहिलेल्या, अंगाने लहानखुऱ्या बाईला हा आकडा लागू पडतो का? तिच्या हातात जोर असेल, पण पाय आधीच गेले असतील, तर तिला सशक्त म्हणायचे की दुबळे?

मागच्या वर्षी मी तिच्याबरोबर पाजपंढरीला गेलो होतो. एका आजीबाईंना तिने खुर्चीवर बसवले, कोपर अंगालगत काटकोनात धरायला लावले आणि यंत्राची मूठ दाबायला सांगितली. काटा २४ वर गेला. आजीबाईंनी यंत्र उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "ह्यातून रस काय गो निघतो?" मग कुणी सांगितले नसताना पुन्हा एकदा दाबून पाहिले. पण खुर्चीवरून उठून चार मीटर जाताना त्यांना दोनदा भिंतीचा आधार घ्यावा लागला. चिमीने आकडा लिहून दिलेला कागद त्यांनी देवाच्या तसबिरीमागे ठेवला आहे. परवा हर्णैच्या लिलावात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तुमची पोर परत आली नाय? माझा आकडा वाढला का बघायचाय मला."

बाळू, सगळा घोळ त्या "परत" या शब्दात आहे. आज पासष्टीच्या माणसाची ऐंशीच्या माणसाशी तुलना केली तर म्हातारपण कळते, असे वाटते, पण ऐंशीचा माणूस वेगळ्या काळात वाढला, त्याने वेगळे अन्न खाल्ले आणि हिवतापाचे वेगळे दिवस पाहिले. शिवाय त्याच्या बरोबरीचे जे आधीच गेले, ते यादीत येतच नाहीत. म्हणून त्याच माणसाकडे दोन वर्षांनी, चार वर्षांनी, दहा वर्षांनी जावे लागते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातला हृदयरोगाचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला आणि बाल्टिमोरचा वार्धक्याचा १९५८ साली. दोन्ही अजून चालू आहेत, कारण एका पिढीच्या संशोधकांनी वह्या पुढच्या पिढीच्या हाती दिल्या आणि पैसे देणाऱ्यांनी मध्येच हात आखडता घेतला नाही. ज्यांना इतके थांबता येत नाही, ते अल्पायुषी जीव निवडतात. सिंथिया केनयन यांनी १९९३ साली एका जनुकातल्या बदलाने कृमीचे आयुष्य दुप्पट होते हे दाखवले, तेव्हा तो कृमी जेमतेम दोन-तीन आठवडे जगणारा होता. माणसावर काम करणाऱ्या मुलीला ही सोय नाही.

आणि तिला पैसे मिळाले तीन वर्षांचे. त्यांतला पहिला हप्ता आठ महिने उशिरा आला. तोवर पाऊस लागला, माणसे लावणीला गेली, म्हणजे पहिले वर्ष बुडाले. पहिली फेरी पुरी होऊन दुसरी निम्म्यावर आली आणि मुदत संपली. पुढच्या अनुदानासाठी अर्ज केला तर परीक्षकाचा शेरा आला की यात नावीन्य नाही, देशव्यापी पाहणी झालेलीच आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची जी पाहणी केली, तिच्याबद्दल चिमीला फार आदर आहे. चालण्याचा वेळ कसा मोजावा हे ती त्या पाहणीच्या पद्धतीवरूनच शिकली. पण ती पाहणी राज्याराज्यांचे चित्र देते. एका किनाऱ्याचे, एका तालुक्याचे देत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. ज्या घरांत चाकरमानी फक्त गणपतीला आणि शिमग्याला येतात, तिथल्या एकट्या म्हातारीची चाल मंदावली हे कुणाच्या ध्यानात येणार? देशाच्या सरासरीत ती सापडत नाही.

तिच्या हाताखाली दोन मुली काम करत होत्या, एक पाजपंढरीची आणि एक केळशीची. कुठल्या आजोबांना कमी ऐकू येते, कुणाकडे दुपारी जायचे नाही, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. पैसे संपले त्या महिन्यात दोघी घरी बसल्या. पुढे कधी अनुदान आलेच, तर यंत्र नवीन घेता येईल, पण त्या मुली तोवर लग्न होऊन मुंबईला गेलेल्या असतील. चिमी स्वतःच्या पगाराबद्दल एक शब्द बोलली नाही. या दोघींबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज फुटला.

तिने काही मागे ठेवले आहे असे नाही. नेटची पात्रता परीक्षा होऊन संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तेव्हा महिन्याला २५ हजार मिळत होते. २०१९ पासून ३१ हजार झाले, तेही मुलांनी रस्त्यावर उतरून मागितल्यावर. २०२३ च्या जानेवारीपासून ३७ हजार झाले, तोवर तिची पीएचडी संपली होती. आता ती चौतिशीत आहे. तरुण संशोधकांसाठीची केंद्राची इन्स्पायर फॅकल्टी योजना चांगली, पाच वर्षांची, पण तिला वयोमर्यादा आहे. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्ती आहे ती दोन वर्षांची, म्हणजे एका फेरीपुरती. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सने २००८ पासून पाच वर्षांच्या शिष्यवृत्त्या दिल्या, पण त्या मोजक्यांच्या वाट्याला येतात. २०२०-२१ मध्ये देशाने आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा ०.६४ टक्के संशोधनावर खर्च केला, तिथे ज्याचे फळ दहा वर्षांनी दिसायचे त्या विषयाच्या पदरात काय पडणार?

अमेरिकेत सगळे सुरळीत आहे असे मी म्हणत नाही. तिथेही स्वतःच्या नावावरचे पहिले मोठे अनुदान मिळेपर्यंत माणसाची चाळिशी उलटते. पण त्यांनी १९७४ साली वार्धक्यासाठी वेगळी राष्ट्रीय संस्था काढली. शिवाय तिथे तरुणांसाठी अशी एक योजना आहे की आधी जास्तीत जास्त दोन वर्षे ज्येष्ठाच्या हाताखाली काढायची, आणि स्वतःची जागा मिळाली की पुढच्या तीन वर्षांचे पैसे त्या माणसाबरोबर जातात. मला यातले "माणसाबरोबर" फार पटले. आपल्याकडे पैसे प्रकल्पाला मिळतात. प्रकल्प संपला की माणूस उघड्यावर पडतो. दोन अनुदानांच्या मधल्या सहा-आठ महिन्यांपुरता जरी संस्थेने हात दिला असता, तरी त्या दोन मुली आज कामावर असत्या आणि पाजपंढरीच्या आजीबाईंचा दुसरा आकडा लिहून झाला असता.

हे सगळे तुला सांगणे म्हणजे कोळ्याला भरती-ओहोटी शिकवणे आहे. तुझी शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती आणि उंदीर तीन वर्षे जगतो. कॉर्नेलच्या मॅके यांनी १९३५ साली दाखवले होते की पोषण सांभाळून अन्न कमी दिले तर उंदीर अधिक जगतात, आणि तुला तोच प्रयोग नाचणीवर करून पाहायचा होता. बनारसला कानुंगो सर उंदरांवरच म्हातारपणाचे जीवरसायनशास्त्र उलगडत होते, तिकडे जायचे तू ठरवले होतेस. तुझे उंदीर म्हातारे व्हायला लागले आणि पैसे थांबले. बाविसाव्या महिन्यात पिंजरे रिकामे करून द्यायला सांगितले गेले, त्या रात्री तू जेवला नाहीस आणि काकूंचा डबा मी एकट्याने संपवला, याचा राग तू पुढे दोन वर्षे धरलास. माझ्या लग्नाला आला नाहीस. एकशे एक रुपयांची मनीऑर्डर पाठवलीस आणि कूपन कोरे ठेवलेस! ते कोरे कूपन मला तेव्हा उद्धटपणा वाटला होता. आता वाटते, तुला लिहायचे होते ते त्या एवढ्याशा जागेत मावणारे नव्हते.

तू बँकेत सुखी झालास, हे मला माहीत आहे आणि तू ते अनेकदा म्हणालाही आहेस. तरी मी तुला चुकीचा सल्ला दिला, असे मला आज वाटते. घरची ओढ खरी होती, तात्यांचे आजारपण खरे होते, पण तुला आणखी एका वर्षाचे पैसे कुठून मिळतील याची चौकशी करण्याआधीच मी नोकरीचे नाव घेतले. चौकशी करायला हवी होती. कदाचित काहीच मिळाले नसते.

वहिनींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले हे वाचून बरे वाटले. नातवाचे बारसे केव्हा ते कळव. ठाण्याला येणे जमवीन. तुझ्या सोसायटीच्या भांडणात मात्र पडू नकोस.

आता एक कबुली. पिंजरे रिकामे झाले त्या आठवड्यात तू नोंदीची वही रद्दीत घातलीस. मी खाली जाऊन रद्दीवाल्याकडून ती परत घेतली आणि इतकी वर्षे तुला सांगितले नाही. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर ती काढली. शेवटची नोंद पिंजरा क्रमांक ९ ची आहे: वजन ३४२ ग्रॅम, केस विरळ, चाल मंद. त्यापुढे तू पुढच्या चौदा महिन्यांच्या तारखा लाल शाईने आधीच घालून ठेवल्या आहेस आणि त्यांच्यासमोरचे रकाने मोकळे आहेत.

चिमी रविवारपर्यंत इथे आहे. कंपनीला अजून होकार कळवलेला नाही. ती वही मी तिला दाखवू का? तुझ्या परवानगीशिवाय दाखवणार नाही. आणि जमले तर, फोनवर नको, तू स्वतःच ये. तिने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तू द्यावेस, असे मला वाटते. ते हो असो की नाही, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
नाना