आठवीनंतर खर्च घरावरच

महोदय,

माझी मुलगी आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, पुस्तकेसुद्धा मोफत. नववीपासून मात्र खिसा रिकामा होतोय. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, त्याचे समाधानच आहे. पण शाळेत गणिताला शिक्षकच नाही, म्हणून शिकवणी. द्राक्षाचे पैसे आले की आधी तिथे जातात. धाकट्याच्या चपला मग पुढच्या हंगामावर.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) मोफत शिक्षण वयाच्या चौदा वर्षांपर्यंतच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चा, असे कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तेच पुन्हा, म्हणजे अजून झालेलेच नाही. गोरगरिबांच्या मुलांना शिकवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याशेजारी राहणाऱ्या आम्हाला हे फार लागते. कायदा बारावीपर्यंत न्या, आणि त्याआधी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा.

– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)