लॅबमधल्या मावशींना, त्या नऊ पानांबद्दल

मावशी, हे तुमच्या मुलाला पाठवतेय, तो वाचून दाखवेल तुम्हाला. गुरुवारपासून मनातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले.

एफवायचं बॉटनीचं प्रॅक्टिकल, एकाच झाडाच्या ५० पानांची लांबी मोजायची, सरासरी काढायची, प्रमाण विचलन काढायचं, म्हणजे पानं त्या सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात ते. गेटजवळच्या आसुपालवाची पानं घेतली मी. सरांना विचारलं की शेवटी ५० ने भागायचं की ४९ ने आणि का, तर म्हणाले सूत्र दिलंय ना, टाक आकडे. सरासरी त्याच पानांवरून काढलेली असते म्हणून फरक जरा कमीच भरतो, तो भरून काढायला एक वजा करायचा, एवढं एक वाक्य होतं हो, ते मी रात्री जागून शोधलं. आणि क्लासमध्ये तर सांगितलं, फार लहान-मोठी पानं काढून टाक, ग्राफ छान येतो. टाकली मी. ७ बुटकी, २ लांबलचक, सरळ कचऱ्याच्या डब्यात.

तुम्ही झाडू मारत होतात, तुमची बदलापूर लोकल सुटायची वेळ झालेली, तरी थांबलात. डब्यात हात घालून एकेक पान काढलंत, पदराने पुसलंत, आणि माझ्या पट्टीशेजारी ओळीने मांडून ठेवलीत. "ही पण त्याच झाडाची ना गं? वाटाण्याच्या शेंगेत तरी सगळे दाणे कुठे सारखे असतात." बस, एवढंच बोललात आणि परत झाडायला लागलात.

मी पुन्हा मोजलं. आधी विचलन १.१ सेमी येत होतं, ती नऊ धरल्यावर २.९ आलं. सर्वात छोटं पान साडेआठ सेमी, सर्वात मोठं २१. मग झाडाखाली जाऊन बघितलं तर सावलीतल्या फांदीची पानं मोठी आणि पातळ, उन्हातली लहान आणि जाड, म्हणजे मी चूक समजून जे टाकत होते तेच तर मोजायचं होतं! डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवड मांडली तीही फरकांवरच उभी आहे, फक्त ते एका झाडाच्या ऊन-सावलीतल्या पानांमधले नाहीत, एका झाडात आणि दुसऱ्यात असलेले, पुढच्या पिढीत उतरणारे फरक, पण फरकच नसता तर निसर्गाने निवडायचं काय?

तुम्हाला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं मावशी. पगार त्याचा नव्हता, नाव होणार नव्हतं, एक मुलगी चुकतेय एवढं दिसलं आणि तुम्ही वाकलात. अशी माणसं आहेत म्हणून हे शहर चालतं, मी खरंच मानते हे.

ती नऊ पानं मी जर्नलमध्ये चिकटवली आहेत. सोमवारी घेऊन येते, आधी तुम्ही बघा, मग सरांची सही.