स्नेहमेळाव्याची यादी निकालावरून नको

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे भरतात. यादी बहुधा दहावीच्या निकालावरून होते आणि आठवी-नववीत शाळा सुटलेले सोबती तिथेच गळतात. बाके त्यांनीही झिजवलेली असतात! म्हणून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून शाळेचे जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी. त्यातल्या नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात. पाचवीच्या प्रवेशाच्या वर्षापासून सुरुवात करावी, मग नंतर आलेल्यांसाठी पुढची पाने चाळावीत. शाळा सोडल्याची तारीख आणि कारणही तिथेच सापडते. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ ची. त्याआधीचे वर्ग अकरावीचे, हे वर्षे मोजताना ध्यानात ठेवावे.

मुलींचा शोध सर्वांत अवघड. लग्नानंतर आडनाव बदलते, कधी नावही. माहेरच्या गावी भावाकडे चौकशी करावी लागते आणि हे काम दोन वर्गमैत्रिणींकडेच द्यावे; अनोळखी पुरुषाला बहिणीचा नंबर सहसा कोणी देत नाही.

वर्गणी सर्वांना झेपेल एवढीच ठेवावी, देणगीच्या रकमा फलकावर लिहू नयेत. पैशांअभावी न येणारा माणूस कारण सांगत नाही, तो फोन उचलणे बंद करतो.

– एक माजी विद्यार्थी, सातारा