‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणणे सोपे

महोदय,

आपल्या पुरवणीत आत्मविश्वास वाढवण्याचे सल्ले नेहमी येतात. सूर बहुधा एकच: कोणी डावलले तरी मनाला लावून घेऊ नका, स्वतःवर प्रेम करा. हेतू चांगला असेल, पण यात दुखावलेल्या माणसाच्या माथी आणखी एक दोष मारला जातो. तू कच्चा, म्हणून तुला लागले!

रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडले, की आपण कोणाचे तरी असावे ही माणसाची मूलभूत गरज आहे, हौस नव्हे. लिअरींचे पुढचे म्हणणे मला फार पटते. स्वाभिमान हा गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा असतो. आपण कितपत स्वीकारले गेलो आहोत, एवढेच तो दाखवतो. मग टाकी रिकामी असताना काटाच बोटाने वर ढकलायचा सल्ला कशाला?

आणि ‘लावून घेणे’ आपल्या हातात तरी कितपत असते? मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांचा संगणकावरचा चेंडूफेकीचा साधा खेळ या संशोधनात प्रसिद्ध आहे. तिघे खेळतात, थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याला चेंडू देईनासे होतात. काही मिनिटांचा हा प्रकार, तरी त्याचा स्वाभिमान घसरतो. २००४ च्या एका प्रयोगात समोर माणसे नाहीत, संगणक खेळतोय, असे आधी सांगूनही लोक दुखावले. २००७ मध्ये तर चेंडू न देणारे कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेचे सदस्य असल्याचे सांगितले, तरीही तेच. ज्यांच्याशी संबंधच नको, त्यांनी टाळल्याचेही लागते. तिथे वर्गातल्या किंवा कार्यालयातल्या रोजच्या सोबत्यांनी टाळले तर काय होत असेल?

कोणाचे तरी असण्याची ही गरज सगळ्यांची सारखी तीव्र नसते, हे खरे. पण ज्या व्यक्तीची कमी आहे, तिला ‘खंबीर’ आणि जिची जास्त, तिला ‘हळवी’ ठरवायचे कारण नाही.

तेव्हा एक विनंती. पुढचा लेख डावलल्या गेलेल्यांना उपदेश करणारा नको, डावलणाऱ्यांसाठी असू द्या. मुलांनाच आपापले गट पाडायला सांगणारे शिक्षक, एकाला वगळून समूह तयार करणारे सहकारी, अबोला हीच शिक्षा मानणारे आईवडील यांना कोणी तरी काही सांगायला हवे. आणि ज्याला एका घोळक्याने बाहेर ठेवले, त्याला दुसरी एखादी टोळी, छंदवर्ग, निदान एक मित्र कसा मिळेल, याबद्दलही लिहा.

— एक वाचक