घाट झाडायचा आणि गोधड्याही तिथेच धुवायच्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापनेच्या अलीकडच्या शनिवारी आमच्या कृष्णाकाठच्या गावात घाटस्वच्छतेचे श्रमदान झाले आणि त्याची बातमी छायाचित्रासह आपल्या दैनिकात आली, याबद्दल आभार. छायाचित्रात हाती खराटे घेतलेली मंडळी आहेत; त्यांत मीही आहे. त्याच्या उजव्या कडेला मात्र, नीट पाहिले तर, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गोधडी पिळणाऱ्या दोन स्त्रिया दिसतात. त्या माझी पत्नी आणि थोरल्या वहिनी. एकाच घरातली निम्मी माणसे त्या सकाळी घाट झाडत होती आणि उरलेली निम्मी त्याच पाण्यात साबणाचा फेस सोडत होती. या विसंगतीविषयी आणि तिच्यावर सहज होऊ शकणाऱ्या उपायाविषयी लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी राज्य शासनाच्या सेवेत लिपिक आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हांला पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा रोजचे पाऊण तास वाढलेले काम सोसून मिळालेला हा शनिवार विश्रांतीचा असेल अशी माझी भाबडी समजूत होती. त्यापूर्वी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे, त्यामुळे कामे साठवून ठेवायला निमित्त तरी होते; आता दळण, गॅसची टाकी, माळ्यावरची साफसफाई, मुलांची दप्तरे, असे सारे काही ‘शनिवारी बघू’ या सदरात जाते. नवरात्राच्या तोंडावरचा शनिवार तर विचारूच नका. घट बसण्यापूर्वी घरातले अंथरूण-पांघरूण धुवून निघालेच पाहिजे, हा आमच्या भागातला दंडक आहे. दसऱ्याची धुणी म्हणतात ती हीच. त्या आठवड्यात घाटाच्या पायऱ्या, कठडे, शेजारच्या बाभळी, सगळ्यांवर वाकळा आणि चादरी वाळत पडलेल्या असतात.

धुलाई यंत्राच्या जमान्यात नदीवर कशाला जायचे, असे शहरातील वाचकांना वाटेल. त्यांनी एकदा जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी भिजवून उचलून पाहावी. पाणी प्यायलेली गोधडी एका माणसाच्याने पाण्याबाहेर निघत नाही. दोघींनी दोन टोके धरून, उलट-सुलट पीळ देत, मध्ये तिसऱ्याने हात लावला तर ती कशीबशी निथळते. घरगुती यंत्रात ती मावत नाही, मावली तर ते फिरत नाही. न्हाणीघरात धुवावी तर नळाला एक दिवसाआड पाणी. आमच्या घरात अशा अकरा गोधड्या निघाल्या. वहिनी पहाटे साडेपाचला सोड्याच्या पाण्यात त्या भिजवून बसल्या होत्या, आणि सात वाजता पुतण्याच्या टेम्पोत घालून आम्ही सगळेच घाटावर गेलो.

श्रमदान साडेसातला सुरू झाले. माझी मुलगी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. तिच्याबरोबर तीस-पस्तीस विद्यार्थी होते, आमच्या कार्यालयातले काही जण होते आणि दोन तरुण मंडळांची मुले होती. गणपती विसर्जनाला तीन आठवडे झाले नव्हते आणि पितृपंधरवडा संपत आला होता, यावरून पायऱ्यांच्या सांदीत काय काय निघाले असेल याची कल्पना यावी. पिशव्यांसकट टाकलेले निर्माल्य, काचा फुटलेल्या देवांच्या तसबिरी, ओटीचे खण, नारळाच्या शेंड्या, गुटख्याच्या पुड्या आणि अर्थात बाटल्या. मात्र सर्वांत जास्त निघाल्या त्या धुण्याच्या पावडरीच्या रिकाम्या पुड्या. मी त्या गोणीत भरत असताना मुलीने हसू दाबत कठड्याकडे बोट दाखवले. आमच्याच घरच्या दोन पुड्या वाऱ्याने उडून, मी नुकत्याच झाडलेल्या पायरीवर येऊन पडल्या होत्या. नियम मला ठाऊक नाहीत असे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच कोणत्याही जलाशयात कचरा टाकण्यास मनाई केली होती, आणि घरच्या घरी ओला, सुका व घातक असा तीन प्रकारे तो वेगळा करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले होते. तरीही त्या पुड्या उचलताना मी चटकन इकडेतिकडे पाहून घेतले, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली. मुलीच्या नोंदवहीत कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तीन तासांची सेवा लिहून सही केली. वर्षाला १२० तास भरावे लागतात, त्यातले तीन झाले, म्हणून ती खुशीत होती. तेच तीन तास, आणि पुढे ऊन उतरेपर्यंतचे चार, वहिनी आणि पत्नी घाटावरच होत्या. त्या घरी परतल्या तेव्हा आईने चाळीस भाकऱ्या थापून श्रमदानाच्या मुलांसाठी पिठल्यासकट पाठवूनही दिल्या होत्या. त्यांची सही कोणी कोठे घ्यायची? २०१९ साली झालेल्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७, असे आढळले होते. श्रमदानाचे आवाहन करताना आपण ‘सहकुटुंब या’ असे फलकावर लिहितो, पण कार्यक्रम सकाळी साडेसातला ठेवतो. त्या वेळी घरातली चूल कोण सांभाळते आहे, हे आयोजकांपैकी एकाच्याही मनात आले नाही. आणि यंदा आयोजकांत मीही होतो.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. साडेदहापर्यंत चौतीस गोण्या भरून, तोंडे बांधून घाटाच्या वरच्या कोपऱ्यात ओळीने लावल्या. संध्याकाळपर्यंत गाडी येईल असे आम्हांला सांगण्यात आले होते. शनिवारी आली नाही. रविवारी अमावास्या, तर्पणासाठी घाटावर गर्दी, त्यामुळे आलीच नाही. सोमवारी मी स्वतः घंटागाडीच्या चालकास विचारले, तेव्हा त्याने अत्यंत सौजन्याने सांगितले, “साहेब, घाट आमच्या फेरीत नाही.” त्याचे खरेच होते. त्याच्या हातातल्या कागदावर गल्ल्यांची नावे होती, घाटाचे नव्हते. गाडी आली ती बुधवारी. तोवर कुत्र्यांनी दहा-बारा गोण्या फाडल्या होत्या, मंगळवारच्या पावसाने त्यांतला ऐवज पायऱ्यांवरून पुन्हा नदीत नेला होता, आणि ज्या मुलांनी नाकाला रुमाल बांधून तो काढला होता ती मुले महाविद्यालयात जाता-येता हे पाहत होती. पुढच्या वेळी यांतील किती जण येतील? गाडगेबाबा एखाद्या गावी गेले की आधी हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत; आमच्याकडे मात्र सकाळी खराटा, दुपारी छायाचित्र आणि चार दिवस गोण्या, असा क्रम पडला आहे.

संबंधित अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की घाटावर धुण्यास बंदीचा फलक लावून त्यांनी मोकळे होऊ नये. तसा फलक पूर्वी एकदा लागला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर चादर वाळत होती. बायका नदीवर हौसेने जात नाहीत. घाटाच्या वरच्या अंगाला जुन्या जकात नाक्यामागे मोकळी जागा पडून आहे. तेथे उतरते फरशीचे सात-आठ ओटे बांधून नळ द्यावेत आणि साबणाचे पाणी नदीकडे न सोडता शोषखड्ड्यात उतरवावे. याला फार मोठा निधी लागेल असे वाटत नाही, आणि वर्षभर नाही तरी नवरात्रापूर्वीचे पंधरा दिवस तेथे पूर्ण दाबाने पाणी मिळाले तरी निम्म्याहून अधिक धुणी वर सरकतील. ओटे होईपर्यंत एक टँकर उभा केला तरी चालेल. पीळ द्यायला माणसे आम्ही घरून आणू.

दुसरे असे की श्रमदानाची परवानगी देतानाच, गोण्या किती वाजता आणि कोणत्या वाहनातून उचलल्या जातील हे त्याच पत्रात लेखी द्यावे, आणि घाटाचे नाव घंटागाडीच्या फेरीच्या कागदावर चढवावे. आमच्या बाजूने पुढील श्रमदान दुपारी चारला ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. त्या दिवशीचा स्वयंपाक मंडळाची मुले करणार आहेत. पिठले कोण करणार यावरून त्यांच्यात अद्याप एकमत झालेले नाही.

आपला,
कृष्णाकाठचा एक वाचक