हिवाळ्यात उद्याने दुपारीही उघडी ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या हातातल्या मोबाईलबद्दल आपल्या दैनिकात अनेकदा लिहून येते आणि त्यातला बहुतेक उपदेश पालकांना केलेला असतो. तो चुकीचा नाही. परंतु मोबाईल खाली ठेवल्यावर मुलाने जायचे कुठे, हा प्रश्न त्यात बाजूला पडतो, आणि तो हिवाळ्यात सर्वाधिक टोचतो.

गेल्या पौषातल्या एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास चौथीतल्या नातवाला घेऊन मी घराजवळच्या सार्वजनिक उद्यानात गेले. फाटकाला कुलूप होते. उद्यानाची वेळ सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते आठ, अशी पाटी तिथे आहे. परत फिरणार तोच कुंपणाच्या तारेवर एक थिरथिरा येऊन बसला. काळसर पाठ, तांबूस पोट, आणि शेपटी सारखी थरथरत असलेली. हा पाहुणा दर हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येतो, हे सांगितल्यावर नातू बंद फाटकाला धरून चांगली दहा मिनिटे हलला नाही. नंतर आम्ही घरी आलो आणि तो संध्याकाळपर्यंत पडद्यासमोर होता. त्याला रागवावे असे मला वाटले नाही.

उद्याने दुपारी बंद ठेवण्याची ही पद्धत चैत्र-वैशाखातल्या उन्हासाठी योग्यच आहे, पण मार्गशीर्ष आणि पौषात तिचा अर्थ उलटा होतो. शहरांतली हिवाळी पहाट धुरक्याने भरलेली असते, कारण गार हवेच्या थरात धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात. ऊन चढले की ती हवा हळूहळू मोकळी होते. डिसेंबरात पश्चिम महाराष्ट्रात सहाच्या सुमारास आणि नागपूरकडे साडेपाचलाच सूर्य मावळतो. शाळा सुटून मूल घरी येते, दूध पिते, तोवर अंधारून आलेले असते. म्हणजे सुट्टीच्या दिवशीची दहा ते चार ही वेळच त्याच्या हाती उरते, आणि नेमकी तीच आपण कुलपात ठेवतो.

कोवळ्या उन्हाची महती आपल्याकडे फार सांगितली जाते, मात्र त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. ते मिळतात दुपारच्या आसपास. डोळ्यांचेही तसेच आहे. वर्गात उजेड साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांवर जातो, आणि अशा प्रखर उजेडात डोळ्याच्या दृष्टिपटलात स्रवणारे डोपामिन हे रसायन नेत्रगोलाची अवाजवी वाढ, म्हणजे ज्यामुळे दूरचे अंधुक दिसू लागते ती, रोखण्यास मदत करते, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे घराबाहेर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू दृष्टीचे प्रमाण तिथे पुढच्या काही वर्षांतच उतरणीला लागले. जागतिक आरोग्य संघटनाही 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल आवश्यक मानते. दिवाणखान्यात ती होणे कठीण.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा नेम सुरू केला. अख्ख्या गावाने मिळून ठरवल्यामुळे एकेका आईला घरात एकटीने भांडावे लागले नाही, हे मला त्यात मोलाचे वाटते. शहरात भोंगा वाजवणे अवघड आहे, फाटक उघडणे तितके अवघड नाही.

म्हणून माझी राज्यातल्या सर्व महापालिका आणि नगरपालिकांना विनंती आहे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत, निदान शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी, उद्याने दिवसभर उघडी ठेवावीत, आणि पालिकेच्या शाळांची मैदानेही त्या दिवशी वस्तीतल्या मुलांना खुली करावीत. लगोरी किंवा विटीदांडू खेळायला साहित्याचा खर्च नाही, जागा तेवढी हवी.

यावर दोन हरकती माझ्या कानावर आल्या आहेत. दुपारी उद्यानात तरुण जोडपी बसतात, ही पहिली. मुले आणि आजी-आजोबांनी भरलेल्या उद्यानात त्यांच्या असण्याने कोणाचे काही बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी हरकत रखवालदाराच्या जेवणाची आणि विश्रांतीची. ती रास्त आहे आणि त्याची विश्रांती मुळीच हिरावली जाऊ नये. आमच्या वस्तीतले आम्ही सात-आठ निवृत्त लोक त्या वेळेत आळीपाळीने फाटकाशी बसायला तयार आहोत. प्रशासनाने लेखी परवानगी दिल्यास येत्या रविवारपासूनच सुरुवात करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका