कढीपत्त्याची पानं खाल्ली जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं बागकामाचं सदर मी नेमाने वाचते. मोगऱ्याची छाटणी कधी करायची, कुंडीतली माती कशी बदलायची, हे मी त्यातूनच शिकले. म्हणूनच गेल्या रविवारी पावसाआधीच्या तयारीबद्दल आलेला मजकूर वाचून गप्प बसवेना. कढीपत्ता आणि लिंबावर अळ्या दिसल्या की लगेच कीटकनाशक फवारा आणि मृगाच्या आत कुंपणाकडेचं रान साफ करून टाका, असं त्यात म्हटलं आहे. आणि त्याच पानावर खाली फुलपाखरं बागेत यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावावीत, याची यादी आहे. वरचा सल्ला पाळला तर खालच्या यादीचा काही उपयोग होणार नाही. कढीपत्त्यावरची ती अळी म्हणजेच उद्याचं फुलपाखरू.

मी चिपळूणला राहते. घरामागे लहानसा परस आहे. हापूसचं एक कलम, कागदी लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि विहिरीच्या कडेला कण्हेर. पूर्वी गुलाब आणि शेवंतीच्या कुंड्याही होत्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्यात त्या गेल्या. पाणी ओसरल्यावर परसात गुडघाभर गाळ होता. घर धुण्यात, भिजलेलं बाहेर काढण्यात सगळा श्रावण गेला. मागचं दार उघडून बघायचंही त्राण नव्हतं.

गणपतीच्या तोंडावर दूर्वा काढायला मागे गेले तर त्या गाळावर रान माजलं होतं. कमरेएवढा टाकळा, जमिनीलगत पसरलेली घोळ आणि तऱ्हेतऱ्हेचं गवत. आणि त्यावर फुलपाखरं. बोटाच्या पेराएवढी पिवळी तर इतकी, की पाऊल टाकलं की दहा-बारा उठायची आणि मागे जाऊन बसायची. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फूल एक नाही परसात, मग ही आली कशाला गं?"

त्यांच्या या एका प्रश्नाने मला पुढची चार वर्षं कामाला लावलं. मी निरखायला लागले, वाचायला लागले, जाणकारांना विचारायला लागले. उत्तर अगदी सरळ निघालं. फूल हे फुलपाखराचं खाणावळीतलं जेवण; मिळालं तर घ्यायचं, नाही तर पुढे जायचं. घर म्हणजे पान. मादी अंडी घालायला पान शोधते, आणि तेही वाटेल ते नाही. तिच्या जातीची अळी ज्या झाडाची पानं खाते, तेच झाड तिला लागतं. ती पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर वाढली होती. ज्याची कोवळी भाजी आम्ही पहिल्या पावसात लसूण-खोबरं घालून आवडीने खातो, तोच टाकळा. आमचं खाऊन झालं की उरलेला त्यांचा. घोळीवर डॅनेड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू होतं. याचा नर काळाभोर, त्यावर पांढरे ठिपके आणि ठिपक्यांभोवती ऊन पडलं की उमटणारी जांभळी झाक. मादी मात्र नारिंगी, हुबेहूब प्लेन टायगरसारखी. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाऊन विषारी होते आणि ते विष फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या अंगात विष नाही, पण रूप तेच, त्यामुळे तिचाही जीव वाचतो. आणि ही सगळी गोष्ट घडते कुठे, तर आपण "जरा उपटून टाक ती" असं म्हणतो त्या घोळीवर.

आता कढीपत्त्याकडे येते, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणारं लाइम बटरफ्लाय आपल्याकडे सगळीकडे आहे. काळं, त्यावर पिवळट नक्षी, मागच्या पंखांना तांबडा ठिपका. मादी येते तेव्हा बसत नाही, पंख फडफडवत पानावर पुढचे पाय आपटते. पायांनीच ती पानाची चव घेते. पटलं तर कोवळ्या पालवीवर एकच अंडं. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, मोत्यासारखं गोल. आमच्याकडे ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतं. बाहेर आलेली अळी आधी आपलंच कवच खाते. पहिले काही दिवस ती काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरी असते, नीट पाहिलं तरी चिमणीची विष्ठाच वाटते. शेवटची कात टाकली की अंगभर हिरवी होते आणि खांद्यावर डोळ्यांसारखे दोन ठिपके येतात. बोट लावून बघा, डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगं फुगून बाहेर येतात आणि आंबूस उग्र वास सुटतो. माझ्या नातवाचा हा सगळ्यात आवडता खेळ होता. अळीला त्रास होतो हे सांगितल्यावर त्याने तो स्वतःहून बंद केला.

मग एक दिवस ती खायची थांबते, पोट रिकामं करते, फांदीला शेपटाकडून चिकटते आणि कमरेला रेशमाचा एक धागा घेऊन, माडावर चढणारा पाडेली जसा दोराच्या आधाराने मागे रेलतो, तशी रेलून बसते. दुसऱ्या दिवशी तिथे कोष. हिरव्या पानात हिरवा, सुक्या काटकीवर तपकिरी.

सगळेच कोष उमलत नाहीत. एकदा एक कोष पंधरा दिवस तसाच राहिला, काळवंडला, आणि मग त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून त्यातून बारीक गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर आल्या. मुंगीपेक्षा लहान, चमकदार. वाईट वाटलं, हे खरं आहे. पण अळ्यांवर फवारणी न करताही त्या झाड का संपवत नाहीत, याचं उत्तर तेव्हा डोळ्यांसमोर होतं. गांधीलमाशी आहे, दयाळ आहे, बुलबुल आहे, कोळी आहे. एका हंगामात आमच्या कढीपत्त्यावर मी चाळीसेक अंडी मोजली. माझ्या देखत उडाली ती पाच फुलपाखरं.

आणि झाड? पालवी खाल्ली जाते, दहा-बारा फांद्या बोडक्या होतात आणि पाऊस असेल तर तीन आठवड्यांत नवी फूट येते. माझा कढीपत्ता आज माझ्यापेक्षा उंच आहे. हातभर रोप असेल तर काळजी घ्यावी, हे मान्य. अळी मोठ्या झाडावर उचलून ठेवावी किंवा रोपावर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. लिंबा-संत्र्याच्या रोपवाटिका असलेल्यांची गोष्टही वेगळी. लहान रोपांचं ही अळी मोठं नुकसान करते आणि ज्याचं पोट त्यावर आहे, त्याला मी काही सांगायला जाणार नाही. मी बोलते आहे ते घरच्या एका झाडाबद्दल, ज्याची पानं आपण खुडून तशीच आमटीच्या फोडणीत टाकतो. त्यावर विषारी औषध मारा म्हणून छापताना हे तरी लक्षात घ्यायला हवं होतं.

गेल्या भाद्रपदात आम्ही चार दिवस गावी गेलो होतो. शेजारी फवारणीला आलेल्या माणसाने चांगल्या मनाने आमच्याही झाडावर पंप मारला. परत आले तर झाडाखाली अकरा अळ्या, काळ्या पडून आकसलेल्या. सहा जवळजवळ कोषाच्या बेताला आलेल्या होत्या. त्यांच्यासोबत दोन मधमाश्या आणि एक हिरवा नाकतोडा. पुढे कितीतरी दिवस फोडणीला बाजारातून कढीपत्ता आणला आणि लिंबाखालून जाताना तिकडे बघवत नव्हतं.

परसात राहणाऱ्या माणसाला ऋतू कॅलेंडरात बघावा लागत नाही. ईव्हनिंग ब्राऊन नावाचं एक मातकट फुलपाखरू आहे, गवतावर वाढतं, तिन्हीसांजेला उडतं. पावसात जन्मलेल्याच्या पंखाखाली ठसठशीत डोळे असतात. तेच पाऊस गेल्यावर, गवत वाळल्यावर जन्मलं की डोळे जवळजवळ पुसून जातात आणि मिटलेला पंख म्हणजे निव्वळ वाळलेलं पान. जात एकच, रूपं दोन. कार्तिकात पहिलं पानासारखं दिसलं की मी घरात सांगते, पाऊस गेला. मार्गशीर्षाच्या थंडीत सकाळी आठपर्यंत एकही उडत नाही. जास्वंदीच्या पानावर पंख उघडून उन्हाला बसतात. चैत्रात परस ओकाबोका होतो. आणि आत्ता, वैशाखात, कलमाखाली पडलेल्या पिकल्या आंब्यावर बॅरन नावाचं फुलपाखरू बसलेलं असतं, सोंड खुपसून, हात लावला तरी न उठणारं. त्याची अळी त्याच कलमाच्या पानावर असते. हिरवी, पाठीवर पिवळी रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे. ती रेघ ती पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर जुळवून बसते. मला पहिली अळी दिसायला तीन उन्हाळे लागले, आणि कलम दारातच आहे.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. आपल्या दैनिकानेही तेव्हा त्याचा रंगीत फोटो छापला होता. राणी पाकोळी हे त्याचं नाव मला फार आवडतं. तळहाताएवढं, काळं आणि आभाळी निळं. श्रावणाच्या उघडिपीत ते आमच्या जास्वंदीवर येतं तेव्हा हातातलं काम थांबतं. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांचीच पानं खाते. फोटो राणीचा छापायचा आणि तिच्या लेकरांवर औषध मारा म्हणायचं, याने जीव तुटतो.

हे जमतं, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या बाजूला ओवळेकर वाडी आहे. अळ्यांची झाडं लावून, फवारणी न करता दोनेक एकरांची फुलपाखरांची बाग तिथे एका घराने उभी केली आहे. लोक मुद्दाम बघायला जातात.

माझी विनंती एवढीच आहे. सदराच्या लेखकांनी फुलझाडांची यादी दिली तशी अळ्यांच्या झाडांचीही द्यावी. कढीपत्ता, लिंबू, कण्हेर, रुई, बहावा, सीताफळ, पानफुटी ही नावं आपल्या वाचकांच्या ओळखीची आहेत, बहुतेकांच्या दारात यातलं एखादं आहेच. कुंपणाच्या कडेचं हातभर रुंदीचं रान तेवढं दिवाळीपर्यंत राहू द्यावं, हेही लिहावं. आणि कढीपत्त्यावर फवारणीचा सल्ला मागे घ्यावा. शक्य झालं तर येत्या रविवारच्याच अंकात, कारण मृग आठ दिवसांवर आलाय आणि इकडे लोकांनी पंप बाहेर काढून धुवायला घेतलेत.

आपली,
एक वाचक, चिपळूण